पाहुणीचे पितर

दुसऱ्याच्या सणाला गेलेल्या माणसाने कुठवर आत जावे? ओसरीवर बसून कौतुक करावे, माजघरात जाऊन हाताखाली उभे राहावे, की थेट देवघराच्या उंबऱ्यापाशी जावे? गावात राहत होते तोवर हा प्रश्न मला कधी पडला नाही. कोणाच्या घरी कुठवर जायचे हे आपल्याकडे पायांनाच ठाऊक असते. त्या ज्ञानात अभिमान बाळगण्यासारखे फारसे काही नाही, पण ते असते खरे. परदेशी बिऱ्हाड केले म्हणजे पायांचे हे शहाणपण निकामी होते आणि सगळे डोक्याला ठरवावे लागते. माझे डोके या कामी फार उशिरा जागे झाले.

ऑगस्ट 2023 मध्ये आम्ही मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरी राहायला आलो. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याने यांना इकडे पाठवले, आणि मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन, लेकीचा हात धरून मागोमाग आले. पुएब्ला समुद्रसपाटीपासून सात हजार फूट उंच. पहिला महिनाभर दोन जिने चढले की छातीचा भाता व्हायचा. खिडकीतून पोपोकातेपेत्ल नावाचा ज्वालामुखी दिसतो. तो चांगला जागा आहे. धूर सोडीत असतो, आणि वाऱ्याने दिशा बदलली की दोरीवरच्या धुण्यावर त्याची बारीक राख येऊन बसते. इथले लोक त्याला ‘दोन गोयो’ म्हणतात. ग्रेगोरिओ या नावाचे हे लाडके रूप. आपण गोविंदराव म्हणावे तसे. 12 मार्चला त्याचा वाढदिवस असतो. त्या दिवशी पायथ्याच्या गावचे लोक त्याच्यासाठी कपडे आणि खाऊ घेऊन डोंगर चढतात. हे ऐकले तेव्हा मला प्रथमच वाटले, की हा देश आपल्याला जमेल.

जमायला तसे कठीणही नव्हते. मिरची, मका, टोमॅटो, चिकू, निशिगंध, सगळ्यांचे माहेर याच बाजूचे. तीही मंडळी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली त्याला जेमतेम चार-पाचशे वर्षे झाली असतील. ज्याच्यावाचून दसऱ्याला दारावर तोरण चढत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मी चौथीच्या मुलांना वीस वर्षे सांगायला हवे होते. पण मलाच ठाऊक नव्हते. पांडुरंग खानखोज्यांचे नाव तेवढे ठाऊक होते. वर्ध्याचा हा क्रांतिकारक 1924 साली या देशी आला, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर काम करीत राहिला. दिएगो रिवेराने राजधानीतल्या भिंतीवर त्यांचे चित्र काढले आहे. आल्या आल्या ते पाहून घेतले, फोटो काढला आणि गावी आईला पाठवला. आईने विचारले, “याला तिथं भाकरी कोण करून घालायचं?” आईचे प्रश्न नेहमी असे स्वयंपाकघराच्या दाराने येत.

येऊन तीन महिने झाले तोच नोव्हेंबर उजाडला. 1 आणि 2 नोव्हेंबर हे इथले मृतांचे दिवस. पहिल्या दिवशी गेलेली मुले घरी येतात, दुसऱ्या दिवशी मोठी माणसे. घरोघर मेजावर एक आरास मांडतात. तिला म्हणायचे ओफ्रेंदा. तीवर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, हाडांच्या आकाराची नक्षी वर चिकटवलेला गोड पाव, साखरेच्या कवट्या, आणि प्रत्येकाच्या आवडीचे जे असेल ते. कोपाल नावाची राळ जाळतात. तिचा वास थेट आपल्या धुपासारखा. आणि दारापासून आरशीपर्यंत, चुकले, आराशीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. पिवळ्या रंगाच्या आणि वासाच्या खुणेने माणसे बरोबर आपल्या घरी येतात असा समज आहे. झेंडूला इथे सेंपासुचिल म्हणतात. जुन्या नाउआत्ल भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ वीस फुले.

वर ‘आरशी’ लिहिले गेले ते उगाच नाही. त्या वर्षी कारखान्यातल्या मंडळींनी आम्हांला वाकेचुला नावाच्या गावी नेले होते, आणि तिथला आरसा अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेला नाही. पुएब्लाच्या नैऋत्येला हे लहानसे गाव. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल त्या घरी तिथे जवळजवळ छताला भिडेल एवढी मोठी आरास करतात. पांढऱ्या साटिनच्या चुण्या घातलेले एकावर एक मजले, त्यांवर रडणाऱ्या बाळांच्या मातीच्या मूर्ती, आणि मृताचा फोटो असा ठेवलेला की तो आरशातच दिसावा. समोरून त्याची आपली गाठ पडायची नाही. दार सताड उघडे. येईल त्या अनोळखी माणसाला आत घेतात, बसवतात आणि खायला घालतात. आपल्याकडे ज्या घरी माणूस गेले त्या घरची चूल पहिल्या दिवाळीला कढई पाहत नाही. फराळाचे डबे बाहेरून येतात. इथे उलटे. ज्याच्या घरचे माणूस गेले तो गावाला जेवू घालतो.

मी आपली एका कोपऱ्यात उभी राहून वहीत लिहून घेत होते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. दुसऱ्याचे घर उघडे दिसले की तो आत शिरतो, आणि शिरल्यावर मोजमाप घेतो. मजले किती, साटीन साधारण किती वार, कोण रडत होते, कोण हसत होते. घरच्या म्हाताऱ्या बाईने माझ्या हातात चॉकलेटचा पेला आणि पाव दिला. मी तो खाल्ला, ‘ग्रासियास’ म्हटले आणि पुढच्या घरी गेले. अशी तीन घरे केली.

रात्री आईला फोनवर सगळे वर्णन करून सांगितले. मला वाटले होते, सुतकाच्या घरी जेवलीस म्हणून ती रागावेल. ती म्हणाली, “आणि रिकाम्या हातानं गेलीस?”

खरेच गेले होते. इतर लोक मेणबत्त्या, फुले घेऊन आले होते. मी पाहिलेही होते, आणि वहीत टिपूनही ठेवले होते. आपणही न्यावे हे मात्र सुचले नाही. प्रेक्षकाला तिकिटापलीकडे काही द्यावे लागते असे कधी वाटत नाही, आणि इथे तर तिकीटही नव्हते.

डिसेंबरात पोसादा आल्या. 16 पासून 24 तारखेपर्यंत नऊ रात्री हा खेळ चालतो. गल्लीतल्या लोकांचे दोन भाग होतात. अर्धे दाराबाहेर मेणबत्त्या घेऊन उभे राहतात आणि गाण्यातून म्हणतात, आम्ही योसेफ आणि मारिया, रात्रीपुरता आसरा द्या. आतले गाण्यातूनच म्हणतात, चालते व्हा, तुम्ही कोण आम्हांला काय ठाऊक. असे बराच वेळ चालते आणि शेवटी दार उघडते. मग खाणे-पिणे, आणि मुलांसाठी टांगलेला पिन्याता डोळे बांधून काठीने फोडायचा. आमच्या लेकीने तो तिसऱ्या फटक्याला फोडला. दहीहंडीच्या गावची पोर आहे. मी मात्र बाहेरच्या घोळक्यात, हातात कागद धरून, न कळणाऱ्या भाषेत आसरा मागत उभी होते. माझ्याइतका खरा आसरा त्या गर्दीत कोणीच मागत नव्हते याची गंमत वाटली. गंमतच वाटली फक्त. 6 जानेवारीला तीन राजांचा म्हणून एक वाटोळा पाव कापतात. त्यात लहानशी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खिलवायचे. बाहुली निघाली यांच्या तुकड्यात. तामाल केले मी. मक्याच्या पिठात मिरची आणि चीज भरून, कणसाच्या पानांत गुंडाळून उकडले. पातोळ्या करणाऱ्या बाईला त्यात नवे काही नाही. शेजारीपाजारी खूश झाले, आणि आपण इथे रुळलो असे मी घरी कळवून टाकले.

जुलै 2024 मध्ये कऱ्हाडला आई गेली.

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा इथे संध्याकाळ होती. तो म्हणाला, “ताई, तू आत्ता निघालीस तरी तुला दोन दिवस लागणार. आम्ही थांबू शकत नाही. लेकीच्या परीक्षा आहेत ना? उगाच धावपळ करू नकोस.” मी ‘बरं’ म्हटले. ते लगेच म्हटले. नंतर पुष्कळ विचार केला, रडले, जेवले नाही, सगळे झाले. पण तो ‘बरं’ माझ्या तोंडून ज्या चपळाईने आला ती चपळाई माझी मलाच ऐकू येत राहिली. विमानभाड्याचा आकडा त्या क्षणी माझ्या मनात आला नव्हता असे मी शपथेवर सांगणार नाही. दोन दिवसांनी न का होईना, दहाव्याला पोचता आले असते.

दहाव्याला मी फोनवर होते. तिकडे सकाळचे दहा, इकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला होता आणि कावळे लांब पिंपळावर बसले होते. एकही खाली उतरेना. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल ते ओळखून मोठ्याने वचने देतात. मामा म्हणाले, धाकटीचे लग्न करू. काकू म्हणाल्या, घर विकणार नाही. भाऊ काही बोलत नव्हता. त्याने एकदाच फोनकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि कोणीतरी फोन बंद केला.

पितृपक्ष आला आणि गेला. मी काही केले नाही. इथे कावळा कुठे शोधायचा, असे स्वतःला विचारले आणि तेवढ्यावर समाधान मानले.

मग ऑक्टोबर संपत आला. 2024 साली मौज अशी झाली होती, की लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आणि पाडवा 2 नोव्हेंबरला. म्हणजे आपली दिवाळी आणि यांचे मृतांचे दिवस अगदी मांडीला मांडी लावून बसले. आमच्या घरी अर्थात दिवाळी नव्हती. वर्षाच्या आत सण करायचा नाही. आकाशकंदील माळ्यावरून काढला नाही, कढई काढली नाही. लेकीला वाईट वाटले, पण बोलली नाही.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मानते; मी त्यांना सेन्योरा म्हणते. त्यांचा नवरा शहरात बस चालवायचा, त्याला जाऊन अकरा वर्षे झाली. त्या ओफ्रेंदा मांडत होत्या आणि मी मदतीला म्हणून गेले होते. मदत म्हणजे झेंडूच्या पाकळ्या सोडवणे. अत्लिस्कोच्या बाजूच्या शेतांतून आलेले झेंडूचे भारे अंगणात पडले होते आणि वासाने मला कऱ्हाडच्या मंडईत उभे असल्यासारखे झाले होते. सेन्योरांनी नवऱ्याचा फोटो ठेवला, त्याची ड्रायव्हरची टोपी ठेवली, मेस्कालचा छोटा पेला भरला. मी विचारले, “ते खरंच येतात असं तुम्हांला वाटतं?” लेक दुभाषाचे काम करीत होती. सेन्योरा म्हणाल्या, “जिवंत होता तेव्हाही तो कधी वेळेवर घरी आला नाही. पण ताट मी झाकून ठेवत असे.”

मला वाक्य आवडले. मी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतले.

सेन्योरा बघत होत्या. माझे लिहून होईपर्यंत थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “माझं लिहून झालं. आता तुझं कोण आहे, सांग. कोणाला बसवायचं?”

मी म्हटले, “कोणी नाही.”

लेक माझ्याकडे पाहतच राहिली. तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितले नाही. पण ‘नाही’ हे मान हलवूनही कळते, आणि सेन्योरा पुढे काही बोलल्या नाहीत.

मी खोटे का बोलले? त्या रात्री अंथरुणावर पडून मी याचा हिशेब मांडू लागले. पहिले कारण मोठे सज्जन होते. ज्यावर आपला विश्वास नाही त्या विधीत भाग घेणे म्हणजे यजमानाची फसवणूक. पाकळ्यांच्या वाटेवरून माणसे येतात हे मला खरे वाटत नाही. मग आईचा फोटो तिथे ठेवून मी काय सोंग करणार? कारण चांगले होते, पण टिकले नाही. कावळ्याच्या रूपाने आजोबा येतात हे तरी मला कुठे खरे वाटत होते? आईला तरी वाटत होते का? लहानपणी मी तिला हे विचारले होते. तेव्हा ती पान वाढता वाढता म्हणाली होती, “कावळ्याला काय कळतंय? वाढायचं काम आपलं.” म्हणजे विश्वासाची अट तिने कधी घातलीच नव्हती. ती अट शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्यांनी मागाहून बसवलेली, आणि ती सोयीची आहे. विश्वास नाही म्हटले की काही करावे लागत नाही.

दुसरे कारण धर्माचे. आई माळकरी. त्या मेजावर मांसाचे पदार्थ आणि दारूचा पेला. शिवाय वर्षाच्या आत कोणत्याही सणात भाग घ्यायचा नाही. हे मला अधिक जड वाटले, कारण हा नियम मी पाळत होते. तरी मनात आले, की हा सण तरी कसला? सण म्हणून आपण जे टाळायचे ते म्हणजे आनंद, दिवे, नवे कपडे. मृताच्या नावाने ताट मांडणे हे वर्षाच्या आत टाळायचे नसून नेमके करायचे असते. मी ते पितृपक्षात केले नव्हते, तेव्हा धर्म कुठे गेला होता?

राहिले तिसरे कारण, आणि तेच खरे. मला लाज वाटत होती. घाटावर नव्हते, अंगणात नव्हते, आणि इथे परक्याच्या घरी, परक्याने खपून केलेल्या आराशीत, आयता आईचा फोटो टेकवून मोकळी होणार! दुःख करायला कष्ट लागतात. ते भावाने घेतले. मी शेजारणीच्या मेणबत्तीवर आपले निरांजन लावून घेणार होते.

सकाळी भावाला फोन केला. परवानगी मागायला केला, की त्याने नको म्हणावे म्हणून केला, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, “दहाव्याला नव्हतीस, तेराव्याला नव्हतीस. आता तिकडे कवट्यांच्या मधे आईला बसवणार? ती लोकं सिनेमातल्यासारखी तोंडं रंगवून नाचतात, बघितलंय मी.” त्याचे पाहणे खोटे नव्हते. राजधानीतली ती मोठी मिरवणूक सगळे जग पाहते. पण ती 2016 साली सुरू झाली. आदल्या वर्षीच्या एका इंग्रजी गुप्तहेरपटात तशी मिरवणूक दाखवली होती, आणि सिनेमा पाहून येणाऱ्यांची निराशा नको म्हणून मग ती खरोखरीच काढू लागले. मी त्याला हे सांगितले. आणखीही सांगितले. मृतांचे दिवस म्हणून जे आहे त्यातले निम्मे स्पेनच्या पाद्र्यांनी आणले, निम्मे इथल्या जुन्या लोकांचे. पावाचा गहू युरोपातून आलेला. कवट्यांच्या साखरेला इथे ‘असुकार’ म्हणतात तो आपल्या शर्करेचाच अरबस्तानातून फिरून आलेला शब्द. आणि आपल्या तोरणातला झेंडू त्यांचा. तो म्हणाला, “ताई, हे वर्गात सांग.” आणि फोन ठेवला.

त्याचे बरोबर होते. सगळ्याच रूढी मिसळीच्या असतात म्हणून कोणीही कोणाच्या ताटात हात घालावा असे काही ठरत नाही. मिसळ झाली हे खरे, पण ती ज्यांच्या रक्ता-घामातून झाली त्यांना विचारून झाली नाही. 1521 साली स्पॅनिशांनी इथले राज्य बुडवले, देवळे पाडली. इथून जवळच चोलुलाला जुन्या लोकांचा प्रचंड पिरॅमिड आहे, लांबून टेकडीच वाटते, आणि तिच्या माथ्यावर चर्च बांधलेले आहे. अशा मिसळीच्या जोरावर माझ्यासारखीने हक्क सांगायचा म्हणजे थोडे निर्लज्जपणाचेच.

त्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाले आणि गावातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसले. तिथे एका बाईला पुरलेले आहे. तिचे इथले नाव कातारिना दे सान हुआन. सतराव्या शतकातली. चरित्रकारांनी लिहून ठेवल्याप्रमाणे ती हिंदुस्थानातली मोगलाईतली मुलगी. पोर्तुगीज चाच्यांनी लहानपणी पळवली, कोचीनला नेली, मनिलाला विकली, आणि तिथून जहाजाने या देशी आणून पुएब्लाच्या एका घरी गुलाम म्हणून दिली. पुढे तिची साध्वी म्हणून ख्याती झाली. 1688 साली ती वारली तेव्हा लोक दर्शनाला लोटले, आणि थोड्याच वर्षांत धर्मन्यायालयाने तिच्या तसबिरी बाळगायला बंदी केली. इथल्या बायकांच्या एका प्रसिद्ध पोशाखाचे नाते तिच्याशी जोडतात. जाणकार म्हणतात ते खरे नाही. मला पोशाखाशी काही कर्तव्य नव्हते. मी विचार करीत होते, हिने आपल्या आईसाठी दिवा लावला असेल तर कोणापुढे लावला असेल? कोणत्या तिथीला? तिला तर आई गेली हे कळलेही नसणार. परक्यांच्या देवापुढे, परक्यांच्या दिवशी, परक्या नावाने, एवढेच तिच्या हाती होते. तिला पाहुणी म्हणायचीही सोय नाही. पाहुणीला परत जाता येते.

मला परत जाता येत होते. जुलैतही येत होते. माझी आणि तिची बरोबरी करणे हे पाप आहे, हे मला चर्चमध्येच कळले. पण उठताना एक गोष्ट मनाशी झाली. आतापर्यंत मी ‘मला हक्क आहे का’ असे विचारीत होते. सेन्योरांनी तर हक्काचा प्रश्न काढलाच नव्हता. त्यांनी त्यांचा माणूस मला दाखवला, त्याचे उशिरा येणे सांगितले, मी ते वहीत घातले. आता त्या माझा माणूस मागत होत्या. हे देण्याघेण्याचे प्रकरण होते, आणि मी पुन्हा एकदा रिकाम्या हाताने गेले होते.

फोटो छापून घेतला. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आई आली होती तेव्हाचा. डोळे अर्धे मिटलेले, पदर खोचलेला, पण दुसऱ्या फोटोत ती हसत नव्हती. सेन्योरांनी तो हातात घेतला, खूप वेळ पाहिला, खोटे बोलल्याबद्दल काही विचारले नाही. म्हणाल्या, “इतक्या लांब एकटी कशी येईल? हिचा नवरा?” मग घरी जाऊन दादांचाही फोटो शोधला. दादा जाऊन पंधरा वर्षे झाली. त्यांचा परदेश प्रवास हा असा झाला.

आता आवडीचा पदार्थ. आईला आवडायच्या करंज्या, पण कढई काढायची नव्हती. ठेचा आणि भाकरी फराळात मोडत नाही, असा मी मनाशी निकाल दिला. शास्त्रातून पळवाट काढणे हेही आपल्या शास्त्रातलेच आहे. ज्वारीचे पीठ संपले होते, तेव्हा मक्याच्या पिठाची भाकरी थापली. आईला मका मुळीच आवडत नसे. ठेचा मात्र सेन्योरांच्या मोलकाहेतेत, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाच्या खलात, लसूण, शेंगदाणे आणि इथल्या हिरव्या मिरच्या घालून कुटला, आणि तो अस्सल कऱ्हाडचा झाला. सेन्योरांनी बोटावर घेऊन चाखला, मान डोलावली आणि वाटी मेस्कालच्या पेल्यापासून दूर, आईच्या फोटोपुढे ठेवली. पेल्याबद्दल मी काही बोलले नव्हते. लेक बोलली असावी.

रात्री दार उघडे होते. मेणबत्त्यांच्या उजेडात पाकळ्यांची वाट रस्त्यापर्यंत दिसत होती. मी वही नेली नव्हती. काय घडले म्हणाल तर काही घडले नाही. सेन्योरा नवऱ्याची एक गोष्ट सांगत, मग मी आईची सांगे, लेक इकडून तिकडे पोचवी. आई घाटावर कपडे धुताना एकदा वाहून जाता जाता वाचली होती ती गोष्ट मी यांनाही कधी सांगितली नव्हती. दहाव्याची गोष्ट शेवटी सांगितली, फोनकडे पाहणाऱ्या भावासकट. लेकीने ती अर्धवटच भाषांतरित केली आणि मग ती रडू लागली, तेव्हा भाषांतर थांबले.

3 नोव्हेंबरला सकाळी सेन्योरा झाकलेले ताट घेऊन दारात उभ्या. मृतांनी वास घेतला की उरलेले जिवंतांनी खायचे, असा इथला रिवाज. ताटात पाव, संत्री, गुळात शिजवलेला भोपळा. यांनी थोडे अवघडून पाहिले. आराशीवरून उतरलेले अन्न. त्या दिवशी भाऊबीज होती. आमच्या घरी पहिल्या दिवाळीचा फराळ बाहेरून आला होता. यांनी भोपळा दुसऱ्यांदा मागून घेतला.

लेकीने मला न विचारता मामाला फोटो पाठवला होता. त्याचा फोन संध्याकाळी आला. आधी इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, “आईच्या शेजारी तो टोपीवाला कोण?” मी सांगितले. बस चालवायचा, कधी वेळेवर घरी यायचा नाही, वगैरे. “बरं,” तो म्हणाला.

वर्षश्राद्धाला मी कऱ्हाडला गेले. त्या दिवशी कावळ्यांनी काय केले ते सांगत नाही. त्यावरून कोणीही काही सिद्ध करू पाहील. भावाने त्या रात्रीच्या आराशीबद्दल एक अक्षर काढले नाही, आणि मीही काढले नाही.

21 सप्टेंबर 2025 ला सर्वपित्री अमावास्या होती. तिकडची सकाळ म्हणजे इकडची आदली रात्र. मी भांडी आवरत होते, तोच त्याचा फोन. मागे पाण्याचा आणि मंत्रांचा आवाज येत होता. घाईत होता.

“ताई, त्या तुझ्या शेजारणीच्या नवऱ्याचं नाव काय?”

“का रे?”

“तर्पण चाललंय. भटजी नाव-गोत्र विचारतायत.”

“अरे, मेक्सिकोतल्या बस-ड्रायव्हरला कसलं गोत्र?”

तो भटजींशी काही बोलला. “माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. गोत्राचं झालं. नाव सांग.”

मी सांगितले. त्या नावाचे पहिले अक्षर लिहायला ‘ज’ आणि म्हणायला ‘ह’. त्याने ते मोठ्याने म्हटले, मागून भटजींनी म्हटले, दोघांचेही चुकले. मी ओले हात पुसून फोन तोंडाजवळ धरला आणि सावकाश, अक्षरे सोडवून, पुन्हा सांगितले.